मोटार नसलेल्या गॅरेजचं दार

आमच्या गॅरेजमध्ये मोटार कधी आली नाही. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लातूरच्या एका नव्या वस्तीत दोन खोल्यांचं घर बांधलं, तेव्हा त्याच्या शेजारी पत्र्याचं गॅरेजही उभं केलं. मोटार आज ना उद्या येईलच, अशी त्यांची खात्री. घरात वाहन म्हणाल तर एक सायकल, आणि तिचीही चेन दर चौकात उतरायची. "बाजारात तुरी," एवढंच आई म्हणायची आणि म्हणीचा उरलेला भाग फोडणीच्या आवाजात गिळून टाकायची.

गॅरेजचं दार मात्र खरं होतं. लोह्याजवळ आमचं थोडं शेत होतं. तिथल्या बांधावरचा जुना कडुनिंब वादळात आडवा झाला, तेव्हा त्याच्या फळ्या कापून अण्णांनी दोन पल्ल्यांचं दार करून घेतलं. निंबाला वाळवी लागत नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. वाळवी लागली नाही हे खरंच. बाकी सगळं लागलं.

आमच्याकडचं हवामान लाकडाला सुखानं जगू देत नाही. मे महिन्यात ऊन असं तापतं की फळ्या वाळून तडतडतात आणि दाराच्या फटीतून पलीकडे कोण उभं आहे ते ओळखू येतं. जून सरता सरता हवा दमट झाली की तेच लाकूड ओल धरतं, फुगतं, आणि घामेजल्या अंगाला सदरा चिकटावा तसे पल्ले एकमेकांना चिकटतात. पण आधी याची कुणाला पर्वा नव्हती. आत होतं काय? एक मोडका पाळणा, गव्हाचं पोतं आणि ती सायकल. दार अडलं तर अडलं.

मग गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे भूकंप झाला. आमच्या घराच्या भिंतींना दोन भेगा पडल्या, माणसं धडधाकट राहिली. आईची आत्या मात्र किल्लारीकडच्या एका गावात राहायची, दगडमातीच्या घरात. तिच्याबद्दल आम्हाला जे कळलं ते एवढंच, की ती दारापर्यंत पोचली होती, पण दार उघडलं नाही. आईला त्या आत्यानंच लहानाची मोठी केली होती. आई त्या दिवसांत किती रडली मला माहीत नाही, आमच्यासमोर तर नाहीच. पण तिनं स्लॅबखाली झोपायचं सोडलं, आणि बंद दार तिला बघवेना.

आम्ही गॅरेजमध्ये राहायला गेलो. त्या वर्षी निम्मं लातूर पत्र्याखाली, ताडपत्रीखाली नाहीतर सरळ अंगणात झोपत होतं, त्यामुळे त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. उलट शेजारी हळहळले, की मोटारीचं स्वप्न आपणही पाहायला हवं होतं. अण्णा लगेच फुगले. "बघ, उपयोगी पडलं की नाही?"

आई म्हणाली, "दार बाहेर उघडणारं करून घ्या. आतून लेकराच्या हातानं ढकललं तरी उघडलं पाहिजे. नाहीतर मी अंगणात झोपते."

अण्णांनी बिजागऱ्या फिरवून घेतल्या. तरी झोपताना आई दोन पल्ल्यांच्या मध्ये वरवंटा ठेवायची, वीतभर फट राहील असा. त्या फटीतून थंडी यायची, कुत्री डोकवायची, एकदा तर शेजारची शेळी येऊन माझी भूगोलाची वही खाऊन गेली. आई आत आहे आणि दार पूर्ण लागलं आहे, असं त्यानंतर कित्येक महिने झालं नाही. रोज सकाळी ती दाराची परीक्षा घ्यायची, पण अण्णांना आत उभं करून आणि स्वतः बाहेर राहून. "ढकला," ती बाहेरून म्हणायची. अण्णा एका बोटानं ढकलायचे. दार उघडलं की ती मान डोलवायची आणि मगच चहाचं आधण ठेवायची.

गॅरेजला उंबरा नसतो. मोटार काय उंबरा ओलांडणार? पण आई म्हणाली, आपण इथं राहणार तर हे घर झालं, आणि घराला उंबरा पाहिजे. अण्णांनी शहाबादी फरशीचा एक लांब तुकडा आणून दाराखाली बसवला. रोज उजाडताना तो उंबरा धुवायचा, पुढे सडा घालायचा, रांगोळी काढायची आणि हळदकुंकवाची बोटं ओढायची. हे काम माझ्या गळ्यात पडलं.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि माझा राग नाकाच्या शेंड्यावर बसलेला असायचा. सगळं जग झोपलेलं असताना वाकून उंबरा धुवायचा, हे मला पटत नव्हतं. सडा हातानं शिंपडायचा असतो, हे मला माहीत होतं. पण शिंपडायला वाकावं लागतं आणि वेळ लागतो. मी आख्खी बादली उंबऱ्यावर उपडी करायचे. धडाम. आत अण्णा दचकून उठायचे, त्याचं मला बरं वाटायचं. पाणी दाराच्या पायथ्याशी बराच वेळ साचून राहायचं, ते मला दिसायचं. ते वाळायची वाट न बघता मी चार ठिपक्यांची रांगोळी उरकून परत अंथरुणात शिरायचे.

आता आईबद्दल सांगायला हवं. ती हायस्कूलमध्ये गणित शिकवायची. तिच्या उजव्या हाताच्या बोटांना खडूची पावडर इतकी मुरलेली असायची की भाकरी थापताना पीठ कुठलं आणि खडू कुठला ते सांगता येऊ नये. भूकंपानंतर शाळा सुरू झाली तेव्हा ती तयार होऊन शाळेच्या फाटकापर्यंत गेली, वर स्लॅबकडे पाहिलं आणि परत आली. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. मग तिनं रजा टाकली, रजेला रजा जोडली. एक दिवस पत्र्याच्या पेटीत चादर शोधताना मला फुलस्केप कागदावर लिहिलेला तिचा राजीनामा सापडला. सगळं सुवाच्य अक्षरात, फक्त तारखेची जागा रिकामी होती. मी तो अण्णांना दाखवला. त्यांनी वाचला, घडी होती तशीच घातली आणि जागच्या जागी ठेवला. "तारीख न्हाई ना अजून," ते म्हणाले. त्या रिकाम्या जागेवर आम्ही दोघं ते वर्ष जगलो, असं म्हटलं तरी चालेल.

क्लास कुणी ठरवून काढला नाही. उन्हाळ्यात गल्लीतली एक मुलगी अडलेलं गणित घेऊन आली. दुसऱ्या दिवशी तिनं मैत्रीण आणली. लातूरला बारावी करायला तेव्हा गावोगावची मुलं यायला लागली होती. अहमदपूरहून, मुखेडहून, पार नांदेडहून. एकेका खोलीत चौघी चौघी राहायच्या आणि त्यांचे जेवणाचे डबे एसटीनं यायचे. भूकंपाला घाबरून आईबापांनी पोरी परत नेल्या नाहीत, याचं मला आजही नवल वाटतं. जून लागला तेव्हा आमच्या गॅरेजमध्ये अकरा मुली सतरंजीवर बसत होत्या. अण्णांनी प्लायवूडला काळा रंग देऊन फळा केला. आईच्या बोटांवर खडू परत दिसू लागला. वर पत्रा होता, समोर उघडं दार होतं, आणि ती शिकवताना अशी रंगायची की मध्येच गणित सोडून हसायची. कितीतरी महिन्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता.

त्यात एक मुखेडची मुलगी होती. हाडापेरानं मजबूत, शेतात राबलेली, आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. दिवसाची सूत्रं पाठ झाल्याशिवाय जेवायचं नाही, असा तिनं स्वतःला नेम घालून घेतला होता. मला ती आवडायची नाही, कारण माझ्या रांगोळीला तिनं एकदा "कोंबडी नाचून गेली का गं?" असं विचारलं होतं.

आणि मग दमट हवा आली आणि दार अडू लागलं.

सकाळच्या परीक्षेत अण्णा एका बोटानं ढकलायचे, ते दोन हातांवर आले, मग खांद्यावर. आईचा चेहरा उतरला. "दार अडलं तर क्लास बंद," ती म्हणाली, आणि ती उगाच बोलणारी बाई नव्हती. अण्णा कामाला लागले. आधी कडांना साबण चोळला, मग मेणबत्ती. मग शेजाऱ्याचा रंधा मागून आणला आणि दर रविवारी दाराची एकेक कड तासू लागले. पल्ल्याच्या खालच्या भागापर्यंत रंधा नीट पोचत नसे, म्हणून ते वरच जास्त तासायचे. वर फट वाढत गेली, चार बोटं जातील एवढी. खाली दार अडायचं ते अडायचंच. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. शेवटी त्यांनी दाराला आतून-बाहेरून निळा ऑइलपेंट दिला, दोन हात. आता हवेची काय बिशाद, म्हणाले. अण्णा पाटबंधारे खात्यात कारकून होते. सबंध जिल्ह्यात पाणी कुठून कुठं जातं याच्या फायली त्यांच्या टेबलावर असायच्या, आणि घरच्या दारात पाणी कुठून येतं ते काही त्यांना कळलं नाही.

श्रावणात एका दुपारी मी घरात पोळ्या लाटत होते. अण्णा ऑफिसात होते. एकाएकी वारा सुटला, गॅरेजचे दोन्ही पल्ले आपटल्याचा आवाज आला. वरवंटा दिवसा लावलेला नसायचा. मी लक्ष दिलं नाही. मग पत्रा खडखडला. तो भूकंपाचा धक्का होता की पाठीमागच्या रस्त्यानं जड ट्रक गेला, याचा निकाल आमच्या घरात आजपर्यंत लागलेला नाही. पण त्या काळात ट्रक आणि धक्का यांच्यात आमच्या काळजाला फरक कळत नव्हता. लाटणं टाकून मी बाहेर धावले.

दाराच्या आतून अकरा मुलींचे हात बडवत होते. मुली ओरडत होत्या. आईचा आवाज येत नव्हता. मी बाहेरून कडी धरून ओढलं, पाय भिंतीला लावून ओढलं, हाताची सालटी निघाली. वरचा भाग हलायचा, खालचा जागचा हलेना. तेवढ्यात आतून मुखेडच्या मुलीचा आवाज आला, "सरका! वर ढकलून काय व्हतंय? खाली अडकून राहिलंय!" आणि तिनं पल्ल्याच्या पायथ्याला अशी लाथ घातली की दार उघडून मीच अंगणात आडवी झाले.

मुली बाहेर आल्या. आई दारात उभी राहून एकेकीच्या डोक्याला हात लावून मोजत होती. अकरा झाल्यावर ती बाहेर आली. पदरानं खडूचे हात पुसले, अगदी बोटाबोटांच्या मधून पुसले, आणि म्हणाली, "उद्यापासून येऊ नका गं."

त्या संध्याकाळी अण्णा घरी आले तेव्हा आई अंगणात पेटी उघडून बसली होती. तिनं आम्हाला बघून झाकण लावलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. तारखेची जागा अजून रिकामी होती की नाही, हे बघायची हिंमत दोघांनाही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मुली आल्या नाहीत. मुखेडची मात्र आली. वही घेऊन उंबऱ्याच्या बाहेर बसली. आई म्हणाली, "बाळ, मी शिकवणार नाही." ती म्हणाली, "नका शिकवू बाई. मी नुसती बसते हितं. खोलीत लई उकडतंय." तिसऱ्या दिवशीही ती आली. चौथ्या दिवशी तिनं उंबऱ्यावर हात टेकला आणि तळवा उचलून माझ्यापुढे धरला. ओला होता. मी पाणी प्यायच्या निमित्तानं घरात निघून गेले. चोराच्या मनात चांदणं.

त्या सुमारास भूकंपग्रस्त गावांत नवी घरं उभी राहात होती आणि दारं-खिडक्या करायला लांबलांबून सुतार आले होते. अण्णांनी त्यातले एक नांदेडचे म्हातारे मिस्त्री गाठले. त्यांनी येऊन दाराला हात लावला नाही. चहा घेतला, पान लावलं, आणि बराच वेळ नुसते दाराकडे बघत बसले.

"सायब," ते शेवटी म्हणाले, "आमचं नांदेड गोदावरीच्या काठाला. दमट हवेचं मला नका सांगू. हवेनं फुगतंय ते लाकूड वरपासून खालपर्यंत सारखं फुगतंय. हे तर पायापाशीच फुगून राहिलंय. वर तुम्ही खिडकी करून ठेवली हाय."

अण्णा खिडकीकडे, म्हणजे आपल्या रंध्याच्या पराक्रमाकडे बघू लागले.

मिस्त्री उकिडवे बसले, पल्ल्याच्या खाली बोट घालून फिरवलं आणि बाहेर काढलं. बोट काळं आणि ओलं होतं. "आतून रंग दिला, बाहेरून दिला. तळाला दिला का?"

"तळाला कोण बघतं?" अण्णा म्हणाले.

"पाणी बघतंय. लाकडाचं तोंड तळाला असतंय. निंब उभा व्हता तवा मुळातून पाणी वर ओढायचा. त्याला कुणी सांगितलंच न्हाई की बाबा आता तू दार झालास. अजून ओढूनच राहिलाय. आणि तुम्ही वरून रंगाचा कोट घातला, तर पिलेलं पाणी बाहेर कसं निघावं?" मग त्यांनी मान वर केली. "पण रोज एवढं पाणी हितं ओततंय कोण?"

आई माझ्याकडे बघत नव्हती. अण्णाही नव्हते. उंबरा सड्यानं ओला असतो एवढंच दोघांना वाटायचं, बादलीची कल्पनाच नव्हती. बघत होती ती फक्त मुखेडची, उंबऱ्यापलीकडून, वही छातीशी धरून. मी गप्प राहिले असते तर तीही गप्प राहिली असती, याची मला खात्री आहे.

"मी," मी म्हणाले. "शिंपडायचा कंटाळा यायचा. मी बादली ओतते. रोज."

अण्णा महिनाभर तासलेल्या कडांकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिले. मला रडू फुटलं, आणि रडताना रागही आला, कारण ती मुखेडची बघत होती. "माझ्यामुळे तू शाळा सोडणार का?" मी आईला विचारलं. राजीनाम्याचं आम्हाला माहीत आहे हे तिला तेव्हा कळलं.

आई माझ्याजवळ आली. मला वाटलं आता एक कानाखाली बसणार. ती म्हणाली, "उंबरा मीच मागितला होता ना? गॅरेजला उंबरा बसवणारी मी. तू नुसतं पाणी ओतलंस." आणि मग तिला हसू फुटलं. खरं सांगते, हसूच. "काखेत कळसा," ती अण्णांना म्हणाली, "आणि तुम्ही वळसा घालून घालून दार निम्मं केलंत!"

मिस्त्रींनी त्याच दिवशी दोन्ही पल्ले काढले. ते वाळल्याशिवाय तेल पिणार नव्हते, आणि श्रावणातलं ऊन म्हणजे आलं आणि गेलं. त्यांनी सांगितलं, पल्ले उलटे करा, पाय वर डोकं खाली, ऊन पडलं की बाहेर, सर आली की आत. एकेक पल्ला उचलायला चौघं लागत. अण्णा दिवसभर ऑफिसात असायचे. मग मुखेडची मुलगी खोल्या-खोल्यांतून फिरून बाकीच्या दहाजणींना घेऊन आली. दार वाहायला आलेल्या त्या मुली वह्या कशाला घेऊन आल्या होत्या, हे आईनं विचारलं नाही.

दारच नव्हतं, तर अडणार काय? पहिल्याच दिवशी, दुसऱ्यांदा पल्ले आत आणून मुली धापा टाकत सतरंजीवर बसल्या, तेव्हा आई फळ्याजवळ गेली आणि म्हणाली, "बसलाच आहात तर एक उदाहरण सोडवा." पुढचे आठ-नऊ दिवस क्लास असा चालला. मधूनच अंगणात ऊन पडायचं, कुणीतरी ओरडायचं "ऊन!" आणि अकरा मुली उठून दार उचलायला धावायच्या. आई आतून ओरडायची, "अगं उत्तर तरी लिहून जा!" शेजारीपाजारी बघायला जमायचे. मुखेडच्या मुलीनं आणि मी एका कोपऱ्याला एकत्र खांदा दिला तेव्हा ती म्हणाली, "तुझी रांगोळी तेवढी वाईट न्हाई." मी म्हटलं, "आहे."

पल्ले ठणठणीत वाजू लागले तेव्हा मिस्त्रींनी जवसाचं तेल गरम करून तळाच्या कडेला पाजलं. लाकूड तेल पीत होतं ते दिसायचं. पुन्हा पाजलं, मग पुन्हा, तेल वर तरंगू लागेपर्यंत. अण्णांनी सुचवलं, खाली पत्र्याची पट्टी ठोकू. मिस्त्री म्हणाले, "नको. पट्टीच्या आत पाणी कोंडतंय, मग कुजतंय. दाराला पायाखाली बोटभर वारा पाहिजे." त्यांनी शहाबादी उंबरा छिन्नीनं बाहेरच्या बाजूला उतरता केला, वर पत्र्याची छोटी झाप लावली म्हणजे पावसाचं पाणी दारावरून ओघळणार नाही, आणि अण्णांनी तासून केलेली वरची फट तशीच राहू दिली. "हवा खेळू द्या. चुकून का होईना, हे काम सायबांनी बरं केलं." अण्णांनी ते वाक्य पुढे अनेक वर्षं, 'चुकून का होईना' वगळून, लोकांना सांगितलं.

दार बसवलं. मिस्त्री म्हणाले, "एक कागद द्या. चारी बाजूंनी फिरला पाहिजे. जिथं अडंल तिथं अजून लाकूड घासायचं." मी वहीचं पान फाडायला वळले, तर आई पेटीकडे गेली होती. तिनं घडी घातलेला फुलस्केप कागद आणून मिस्त्रींच्या हातात दिला. त्यांना वाचता येत होतं की नाही कोण जाणे. त्यांनी तो पल्ल्याच्या आणि चौकटीच्या मधून खालपासून वरपर्यंत सरकवला, पलीकडून काढला, पुन्हा सरकवला. कुठंही अडला नाही. तेलाचे डाग पडलेला तो कागद त्यांनी परत केला, तेव्हा आई म्हणाली, "राहू द्या. हात पुसा त्यालाच." अण्णांनी खिशातून रुमाल काढला आणि उगाच चष्मा पुसत बसले.

मी आता नांदेडला असते. इथं नदीकाठची दमट हवा, आणि आमच्या सोसायटीतल्या लोकांना आपापल्या गॅरेजच्या दारांची भारी काळजी. लोखंडी शटर असेल तर गंज, लाकडी असेल तर फुगणं. पावसाळा आला की कुणीतरी रंगाचा डबा घेऊन उभं असतंच. मी खिडकीतून ओरडते, "तळाला दिला का?" मला इथं थोडी चक्रम समजतात. लातूरमध्ये तर आता क्लासच्या इमारतींवर इमारती उभ्या आहेत, आणि पोरं-पोरी अजून एसटीनं आलेल्या डब्यावर अभ्यास करतात. त्या अकरांपैकी मुखेडची मुलगी गणिताचीच शिक्षिका झाली. दिवाळीला फोन करते आणि पहिल्यांदा माझ्या रांगोळीची चौकशी करते. आई पुढच्या जूनमध्ये शाळेत रुजू झाली आणि निवृत्त होईपर्यंत स्लॅबखाली शिकवत राहिली.

पण हे सगळं नंतरचं. दार बसवल्यावरही आई क्लासमध्ये ते सताड उघडं ठेवायची आणि झोपताना वरवंटा लावायची. सकाळची परीक्षा चालूच होती, करंगळीनं ढकललं तरी दार उघडायचं, तरी वरवंटा काही हलला नाही. मी सडा शिंपडायला शिकले, दोन पावलं लांबून, तांब्यातून, हातानं. उंबरा ओल्या फडक्यानं पुसायचे आणि कोरडा करायचे. राग यायचाच, पण वाकायचे.

भूकंपाला वर्ष होत आलं होतं. परतीचा पाऊस एका दुपारी असा आडवा आला की थेंब उंबरा ओलांडून सतरंजीवर पडू लागले. आई फळ्याकडे तोंड करून एक लांबलचक समीकरण लिहीत होती. पुढच्या रांगेतल्या मुली वह्या पोटाशी घेऊन मागे सरकल्या. मी कोपऱ्यात बसले होते. कुणीही दाराकडे बघत नव्हतं, कारण त्या घरात दाराबद्दल बोलायचं नसतं हे सगळ्यांना माहीत होतं.

आईनं लिहिता लिहिता, मागे न वळता म्हटलं, "दार लाव गं. वह्या भिजायल्यात."

खडूचा आवाज चालूच होता. मुखेडच्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी उठले, एक पल्ला लावला, मग दुसरा. आत अंधारलं, वरच्या फटीतून तेवढा उजेड येत राहिला. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मला राहवलं नाही, मी करंगळी दाराला लावली आणि ढकललं. उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा ढकललं.

"अगं ए," आई फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "उघडतंय ते. बस आता खाली."